ठकीमार्फत

मौनासारखे तप नाही, असे आपल्याकडचे सगळे शहाणे सांगत आले आहेत. आमच्या डोंबिवलीच्या घरात दोन माणसांनी हे तप वीस-बावीस वर्षे केले. त्या काळात आमच्या घराइतके बोलके घर आळीत दुसरे नव्हते.

हे आठवायला मे महिना पुरतो. परवा सूनबाईंनी पापडांची दोन पाकिटे आणून फळीवर ठेवली. पापड चांगले होते, गोल होते, सगळे एका मापाचे होते, आणि त्यांच्याबद्दल त्याहून जास्त सांगण्यासारखे काही नव्हते. मी एक भाजला. वास आला तो उडदाचा, पण त्यामागे दुसराही वास यायला हवा होता, सुकत घातलेल्या जवळ्याचा. तो आला नाही. माझ्या नाकाला हे दोन्ही वास एकत्र घेण्याची सवय आहे आणि त्याबद्दल माझ्या माहेरी, पुण्यात, फारसे चांगले बोलले गेले नसते.

आमचे घरमालक आगरी होते. घर, मागची भातशेती आणि खाडीकडे मिठागरातला थोडा वाटा असा हिरूबाईचा संसार. नवरा वारलेला, मुलगी दिव्याला दिलेली. चैत्र संपला की अगोटीची धांदल सुरू व्हायची. पावसाच्या चार महिन्यांची बेगमी म्हणजे अगोट. अंगण एकच होते, म्हणून मधोमध गेरूची एक रेघ ओढली जायची. रेघेच्या त्या बाजूला हिरूबाईचा जवळा आणि बोंबील, या बाजूला आमचे पापड, कुरडया, सांडगे. कावळ्यांना दोन्हीकडे सारखाच रस असल्याने राखण वाटून घेतलेली होती. सकाळी हिरूबाई आमचे पापड राखायची, दुपारी आम्ही तिचे बोंबील. बोंबील राखणारी ब्राह्मणाची सून मी पहिलीच असेन असे मला वाटायचे, पण माझ्याआधी ते काम गोदूआत्या करत होत्या आणि त्यांना त्याचे काहीच वाटत नसे. "राखायचेत, खायचे नाहीत," त्या म्हणायच्या.

गोदूआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. बालविधवा नव्हे; एकोणिसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि भावाकडे आल्या. माझे सासरे, नाना, कल्याणच्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे घरात आम्ही चौघे: नाना, गोदूआत्या, मी आणि दिवसभर मुंबईच्या कचेरीत असणारे आमचे हे. शिवाय ठकी.

ठकी ही मांजर. पिवळट, कान किंचित फाटलेला, चेहऱ्यावर नेहमी कोणीतरी आपल्याला बोलावले आणि आपण गेलो नाही असा भाव. लग्न होऊन मी या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोदूआत्या चुलीपाशी बसून तिला म्हणाल्या, "ठके, दादाला सांग, पाणी तापलंय." ओटीवरून नाना म्हणाले, "ठके, गोदूला सांग, पंचा सापडत नाही." "ठके, दादाला सांग, खुंटीवर आहे. रोज तिथेच असतो." ठकी दूध पीत होती. तिने मान वर केली नाही.

मला वाटले, थट्टा चालली आहे. आठवड्याभरात कळले की थट्टा मुळीच नव्हती. बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. ते ठकीशी बोलायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे. ठकीच्या आधी हे काम तिच्या आईकडे होते आणि तिच्याही आधी आमच्या ह्यांच्याकडे. हे पाळण्यात असल्यापासून "बाळा, बाबांना सांग" चालू होते. मॅट्रिकच्या वर्षी ह्यांनी जाहीर केले, "मी काही टपाल खातं नाही." दुसऱ्याच दिवशी गोदूआत्यांनी हिरूबाईकडून मांजरीचे पिल्लू आणले.

या व्यवस्थेला एक अडचण होती. ठकी घरात असावी लागे. एकदा दुपारी नानांचा चष्मा हरवला. त्यांना संध्याकाळी कुठेसे अध्यक्ष म्हणून जायचे होते आणि भाषण लिहायचे होते. गोदूआत्या त्यांच्यापासून दोन हातांवर, माजघरात, पापडाच्या लाट्या करत बसलेल्या. पिठाची वळी कापायचा दोरा पायाच्या अंगठ्यात धरलेला. नाना इकडून तिकडे फिरत होते. शेवटी मला म्हणाले, "सूनबाई, मांजर कुठे आहे?"

मी रेघ ओलांडून गेले. हिरूबाईच्या पडवीत ठकी बोंबलाचे डोके खात होती.

"मावशी, ठकीला नेते."

"नेशील तवा ने, बाय. आता जेवतंय ते. काय झाला?"

"नानांचा चष्मा हरवलाय."

हिरूबाईने माझ्याकडे, मग ठकीकडे पाहिले. "आन ही शोधनार?"

"शोधणार नाही. तिला विचारायचंय."

हिरूबाई पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. मग म्हणाली, "तुमचे घरान शिकलेली मानसा लय. मानूनच असा व्हतय." ठकीचे जेवण होईपर्यंत मी तिथेच बसून राहिले. मग तिला उचलून नेले, नानांनी तिला विचारले, आणि माजघरातून ठकीला सांगण्यात आले की चष्मा कपाळावर आहे.

बोंबलाबद्दल गोदूआत्यांना ठाऊक होते. मी एकदा चाचरत सांगायला गेले, तर म्हणाल्या, "मांजराला विटाळ नसतो. तिचं तिकडचं तिकडे, इकडचं इकडे." आपल्याकडचे पुष्कळ मोठे प्रश्न अशा एका वाक्यात मिटतात आणि मिटल्यावर त्यांच्यावर परिषदा भरतात.

मी सांगते आहे तो उन्हाळा पन्नास सालानंतरचा. नक्की साल मुद्दामच सांगत नाही, कारण ह्यांचे आणि माझे त्यावर एकमत कधी झाले नाही. डोंबिवलीला तेव्हा नवी बिऱ्हाडे सारखी येत होती. आज शेत, उद्या चुन्याची फक्की, परवा चाळ. बायका नव्या जागेत आल्या की चौथ्या-पाचव्या दिवशी "पापड कुणाकडे करून मिळतात" म्हणून विचारत गोदूआत्यांकडे यायच्या. त्यांच्या हाताला पापडखाराचे माप होते. उंडा कुटताना त्या गप्प असत. बत्त्याच्या आवाजावरून त्यांना कळे की आता तेलाचा हात हवा. सावलीत वाळवलेल्या त्यांच्या पापडाची कड कधी उलली नाही. त्या पापडांवर आमच्या घरातल्या किती गोष्टी भागत होत्या, हे नानांना माहीत नव्हते. त्यांचा समज होता की त्या पेन्शनीवर भागतात.

त्याच उन्हाळ्यात ठाण्याची जागा तयार झाली. नाना आणि त्यांच्यासारखे आणखी काही निवृत्त शिक्षक यांनी मिळून सोसायटी काढली होती. पायाभरणीला नानांनी तासभर भाषण केले. मनुष्याने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या छपराखाली झोपावे, असे त्याचे सार होते. आमचा ब्लॉक तीन मजल्यांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होता, त्यामुळे आमच्या छपरावर दुसरी दोन बिऱ्हाडे झोपणार होती; पण भाषणात हे कुणाच्या लक्षात आले नाही. नियमावली छापून आली. गच्चीवर वाळवण घालायचे असल्यास सेक्रेटरींची आगाऊ परवानगी घ्यावी, असे एक कलम तिच्यात होते. ते नानांनीच सुचवले होते. मृग लागायच्या आत हलायचे ठरले.

नानांनी हे संध्याकाळी ओटीवर जाहीर केले. गोदूआत्या उंबऱ्याशी लसूण सोलत होत्या. ठकी मधोमध.

"ठके," गोदूआत्या म्हणाल्या, "तुला ठाण्याला न्यायचं म्हणतात. जाणार का तू?"

ठकी पंजा चाटू लागली.

"ती नाही म्हणते," गोदूआत्या म्हणाल्या.

नाना ठकीला म्हणाले, "ठके, घराचे निर्णय मांजरं घेत नाहीत."

"ऐकलंस ना? मांजरं म्हणे. आणि मांजराला घर सोडवत नाही, हे दादा शाळेत शिकवत होता का, विचार."

त्या दिवसापासून महिनाभर आमच्या घरात फक्त ठकीची चर्चा झाली. ठकीला दुसऱ्या जागेत करमेल का. ठकीला पहिला मजला मानवेल का. ठकीची इथे सोय काय. हे रविवारी म्हणाले, "पोत्यात घालू आणि नेऊ, त्यात काय." गोदूआत्यांनी त्यांच्याकडे असे पाहिले की ते चहा न घेता बाहेर गेले. हिरूबाईनेही मत दिले. "मांजर घर सोरत नाय, मास्तर. मी तिला बगन. पन एकटी कशी रव्हल ती? कोनतरी पायजे तिचे सोबतीला." आणि तिने लसणाच्या पाकळीएवढी नजर गोदूआत्यांकडे टाकली.

मला उमगायला वेळ लागला. मी नवी होते, आणि शिकलेलीही होते. पापड लाटता लाटता एका दुपारी गोदूआत्यांनी आपणहून सांगितले. आवाज उंडा कुटतानाचाच, सपाट.

"मागची खोली हिरूबाई मला देते म्हणाली. भाडं मी देईन. पापड आहेत, मसाले आहेत. कुणाचं मला काही नको."

"मग नानांना सांगा ना."

"बहीण भावाचं घर सोडून परक्याच्या खोलीत राहायला जाते म्हणजे भावानं टाकली. दादाला ते सोसायचं नाही. आणि मी त्याच्याशी बोलत नाही."

"का बोलत नाही?"

त्यांनी लाटी फिरवली. "हे गेल्यावर मला पुण्याला शिकायला जायचं होतं. मास्तरीण व्हायचं होतं. अर्ज आणला होता. दादाला विचारलं. त्याच आठवड्यात त्यानं स्त्रीशिक्षणावर व्याख्यान दिलं होतं, फार छान झालं म्हणतात. मला म्हणाला, लोकांच्या घरची गोष्ट वेगळी, आपल्या घरची वेगळी." मग थोड्या वेळाने, "पीठ कमी लाव. पापड आहे, भाकरी नाही."

पुढे आम्ही पुष्कळ पापड लाटले. मला आठवते ते एवढेच की त्या दुपारी अंगणात वारा पडला होता आणि रेघेपलीकडे हिरूबाई कुणा कावळ्याला त्याच्या पूर्वजांसकट शिव्या देत होती. गोदूआत्या बेचाळीसच्या असतील. मला तेव्हा त्या म्हाताऱ्या वाटायच्या. आज माझ्या धाकट्या मुलीचे वय त्याहून जास्त आहे, आणि ती परवा मोटार चालवायला शिकली.

नानांना खरोखर काही कळत नव्हते असे मला वाटत नाही. त्यांनाही लोकांची भीती होती. एकदा ते ठकीला म्हणाले, "लोक म्हणतील, मुख्याध्यापकांनी स्वतः ब्लॉक घेतला आणि बहिणीला आगऱ्याच्या पडवीत ठेवली." ठकीने जांभई दिली. गोदूआत्या आत होत्या. आतून भांड्याचा आवाज आला, उत्तर आले नाही. उत्तर न येणे हे त्या घरात अनोखे होते. त्यानंतर दोन-तीन दिवस ठकीला काहीच निरोप मिळाले नाहीत. नानांना पाणी तापल्याचे कळेना, पंचा सापडेना. तेव्हा पहिल्यांदा ते घर मला खरोखर शांत वाटले, आणि ती शांतता काही चांगली नव्हती.

बांधाबांध सुरू झाली. उतरंड उतरली, फळ्यांवरचे डबे खाली आले. गोदूआत्यांनी आपले पोळपाट-लाटणे कुठल्याच पेटीत घातले नाही. ते कोनाड्यात तसेच उभे होते.

त्या दिवशी दुपारी मी नानांना चहा नेऊन दिला. ते पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये बसले होते, ठकी गठ्ठ्यावर. सुनेने सासऱ्यांशी अशा बाबतीत बोलण्याची रीत नव्हती. पण या घरात दुसरीही एक रीत होती.

"ठके," मी म्हटले, "नानांना सांग, गोदूआत्यांनी एकदा विचारलं होतं, तेव्हा ते नाही म्हणाले. आता त्या पुन्हा विचारतायत."

नानांनी कप खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. बराच वेळ ठकीच्या फाटक्या कानाकडे पाहत राहिले. मग हळू म्हणाले, "ठके, सूनबाईंना सांग, चहात साखर जास्त झाली आहे."

मी आत आले. गोदूआत्या दाराआड होत्या. त्यांनी ऐकले होते. मला रागावल्या नाहीत आणि शाबासही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "साखर बरोबर होती. मी पाहिली होती."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नानांनी सगळ्यांना ओटीवर बोलावले. हिरूबाईलाही. उपरणे घेतले होते. ते उभे राहून बोलले. मुक्या प्राण्याला त्याच्या जागेवरून उपटणे ही हिंसा आहे. भूतदया हा धर्माचा पाया आहे. आपल्या सोयीसाठी एका जिवाचा निवारा मोडण्याचा अधिकार कुणाला आहे काय, वगैरे. मध्ये दोन संस्कृत श्लोक आले. शेवटी असे निघाले की ठकी डोंबिवलीतच राहील, आणि तिची देखभाल करायला घरातल्या कुणीतरी मागे राहणे हे कर्तव्य असल्याने गोदू मागे राहील. हिरूबाईला श्लोक कळले नाहीत, निर्णय कळला. ती म्हणाली, "मंग मागची खोली सारवून ठेवतू." तिला नानांपेक्षा बराच कमी वेळ लागला.

गोदूआत्यांनी ठकीला मांडीवर घेतले. "ठके," त्या म्हणाल्या, "दादाला सांग, बरं."

मला तेव्हा हसू आले होते. इतके मोठे भाषण, आणि सगळे मांजरीच्या नावावर. आता वाटते, माणसाला माघार घ्यायला एखादे मांजर लागते. ज्यांच्याकडे ते नसते त्यांची घरे मी नंतर पाहिली आहेत.

ट्रक आला तो सकाळी. आकाश भरून आले होते आणि हमालांना घाई होती. गोदूआत्यांनी आम्हाला पापडांचा डबा दिला, माझ्या कपाळाला कुंकू लावायला दिव्याहून आलेल्या हिरूबाईच्या लेकीला पुढे केले, आणि ट्रक शीळच्या रस्त्याला लागायच्या आत मागे वळून गेल्या. त्यांना मिरच्या आत घ्यायच्या होत्या.

ठाण्याच्या जागेत शब्दही नवे होते. ओटी नव्हती, हॉल होता. मोरी नव्हती, बाथरूम होती. माजघर कुठे गेले ते कुणालाच सांगता आले नाही. हमालांनी गाद्यांची वळकटी हॉलमध्ये टाकली आणि दोरी सोडली. आतून ठकी निघाली. तिने अंग झटकले, हॉलला एक फेरी घातली आणि खिडकीत जाऊन बसली. तिला करमत नसल्याचे कोणतेही चिन्ह दिसले नाही.

आम्ही तिघे तिच्याकडे पाहत उभे राहिलो. ह्यांना हसू आवरेना. नाना म्हणाले, "पुढच्या आठवड्यात पोचवून येऊ." पण पाऊस लागला, मग नानांना खोकला झाला, मग ठकी पिशवीत बसेना. खरे म्हणजे तिला पिशवीत बसवण्याचा प्रयत्न कुणी केला नाही.

त्या दिवसांत नाना जेवताना एकदा सवयीने म्हणाले, "ठके, गोदूला सांग, आमटीत मीठ कमी आहे." आमटी मी केली होती. मी मिठाची वाटी पुढे केली. त्यांनी मीठ घेतले नाही. तसेच जेवले.

आषाढात एका रविवारी उघडीप होती. नाना म्हणाले, "सूनबाई, डोंबिवलीला जाऊन येऊ." मी पिशवी काढली. ते म्हणाले, "मांजर राहू दे."

गोदूआत्यांची खोली स्वच्छ सारवलेली होती. कोपऱ्यात डबे, दोरीवर एक लुगडे, खिडकीत तुळस. दोन नव्या बिऱ्हाडांच्या मुली शिकवणीला येतात असे हिरूबाईने मला अंगणातच सांगितले. पापड शिकायला नव्हे, अंकलिपी शिकायला. गोदूआत्यांनी आम्हाला चटई दिली. नाना बसले. त्या समोर बसल्या. मध्ये कुणीही नव्हते.

ते दोघेही जमिनीकडे पाहत होते, जिथे नेहमी ठकी असायची. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिले, तेव्हा मी चहाला म्हणून उठले आणि हिरूबाईच्या चुलीशी गेले. पडवीची भिंत कुडाची होती. ऐकू न येण्याची सोय तिच्यात नव्हती. हिरूबाईने फुंकणी खाली ठेवली.

मग नाना खाकरले. भाषणाच्या आधी खाकरत तसेच.

"गोदू," ते म्हणाले, "नळाला पाणी येतं का?"

"येतं, दादा," गोदूआत्या म्हणाल्या.

नाना त्या घरात वीस-बावीस वर्षे राहिले होते. घराला नळ नव्हता.